कढईला हात लावायचा नाही

सकाळी शाळेत जायच्या आधी मी डबे भरत होते तेव्हा वसंताचा फोन आला, यवतमाळच्या दवाखान्यातून. "वहिनी... झालं," एवढंच तो म्हणाला. मग पलीकडून नुसता दवाखान्याच्या व्हरांड्याचा आवाज येत राहिला, कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेल्याचा, कुणीतरी चहावाल्याला हाक मारल्याचा. मी गॅस बंद केला, ह्यांना उठवलं आणि पाठकोरा कागद घेऊन बसले. माझा स्वभावच तसा. शाळेच्या कार्यालयात हेडक्लार्क म्हणून आयुष्य गेलं, आणि घरातल्या प्रत्येक बारशाची, लग्नाची, तेरवीची यादी मीच करत आले. रडण्याआधी गाडी कोण आणणार, लाकडं कोण सांगणार, मृणालला नागपूरहून कोणती बस मिळेल, हे सगळं मी लिहून काढलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा जे वाटलं ते सुटल्यासारखंच वाटलं. माझे धाकटे दीर अरविंदभाऊजी वर्षभर डायलिसिसच्या सुया सोसत होते, आणि शेवटी शेवटी त्यांना पाणीसुद्धा मोजून प्यावं लागे. त्यांची सुटका झाली होती. पण कागद भरत आला तरी एक गोष्ट कुठे लिहावी ते कळेना. माणूस गेलं की मंडप उभा राहतो, भेटायला येणारे येतात, आणि ज्याचं माणूस गेलं तो मध्ये सतरंजीवर बसतो. येणारा आधी त्याच्यापुढे बसतो, मग बाकीच्यांकडे वळतो. आमच्याकडे ते आमचे हे, म्हणजे थोरला भाऊ, बसणार हे ठरलेलंच होतं. पण वीसेक वर्षं भाऊजींबरोबर एका घरात राहिलेला वसंता कुठे बसणार?

पुसदला आमचं घर आणि भाऊजींचं दुकान हाकेच्या अंतरावर. खाली त्यांचं बिछायत केंद्र, वर दोन खोल्या. गाद्या, लोड, सतरंज्या, खुर्च्या, मोठमोठ्या कढया आणि गंजपातेली, मंडपाच्या बल्ल्या म्हणजे लाकडी वासे, झालरी, सगळं भाड्याने द्यायचं. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा ते कॉलेजात होते आणि अभ्यासापेक्षा मंडपाच्या गाठी त्यांना जास्त येत. माझ्या स्वतःच्या लग्नाचा मंडप त्यांनीच बांधला होता. त्यांची एक सवय सगळ्या गावाला माहीत होती. बल्ल्या उभ्या राहिल्या, दोऱ्या आवळून झाल्या, की ते चपला काढायचे, आडव्या बल्लीला दोन्ही हातांनी धरायचे आणि अंग सोडून लोंबकळायचे. चांगला भरलेला देह, झब्बा वर सरकलेला, पाय हवेत. गडीमाणसं हसायची. "हसा लेकहो," ते वरूनच म्हणायचे, "माह्या वजनाले टिकला त अख्ख्या वऱ्हाडाले टिकते." मंडप करकरला तर पुन्हा सगळ्या गाठी सोडायला लावायचे, मग मुलीकडचे कितीही ओरडोत. त्यांचा मंडप वादळात पडल्याचं मी कधी ऐकलं नाही.

वसंता त्यांना ढाणकीला भेटला, एका लग्नात. मंडप भाऊजींचा आणि आचारी वसंता. हडकुळा, कमी बोलणारा, कढईपाशी उभा राहिला की आजूबाजूचं भान नसलेला. भाऊजी परत आले ते त्याच्या हातच्या वांग्याच्या भाजीचं कौतुक करत आले. पुढच्या सीझनला तो पुसदला आला. मग दुकानाच्या वर राहू लागला, आणि लोकांनी 'भागीदार' म्हणून त्याची सोय लावून दिली. मंडप, बिछायत आणि स्वयंपाक एकाच ठिकाणी मिळतो म्हटल्यावर धंदाही वाढला. मी मात्र भाऊजींसाठी मुली पाहत होते. दिग्रसची एक, दारव्ह्याची एक, एक तर आमच्याच शाळेतली शिक्षिका. एका दुपारी मी त्यांच्यापुढे ती सगळी स्थळं वाचून दाखवायला बसले. त्यांनी शांतपणे ऐकलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "वहिनी, फाडा तो कागद. वसंता इथं भाडं वाचवाले नाही राहत. मले लग्न कराचं असतं त त्याच्याशीच केलं असतं."

मला धक्का बसला नाही असं म्हणणार नाही. पण माझं डोकं पुढच्या कामाकडे आपोआप जातं. मी विचारलं, "मग दिवाळीचा फराळ एकाच डब्यात पाठवू का दोन?"

"एकातच पाठवा," ते म्हणाले. मग हसू लागले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "पण डबा मोठा पाठवा. तो दिसते बारीक, खाते लय."

आमच्या ह्यांनी काही दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. भांडले नाहीत, नुसते त्या रस्त्याने जाईनासे झाले. मग एकदा महागावजवळ मोटरसायकल पंक्चर झाली आणि ह्यांनी फोन केला तो वसंताला. वसंता दुकानाचा टेम्पो घेऊन गेला, गाडी आणि ह्यांना त्यात घालून त्याने घरी आणलं. त्या दिवसापासून तो ह्यांना 'दादा' म्हणू लागला आणि ह्यांनी त्याला थांबवलं नाही. आमच्या घरात यापेक्षा मोठी चर्चा या विषयावर कधी झाली नाही.

बाहेर मात्र एक वेगळंच त्रांगडं होतं. भाऊजी एका पक्षाचं काम करायचे, आणि तो पक्ष परंपरेचा, कुटुंबाचा, जुन्या वळणाचा. नाव काय ते इथे महत्त्वाचं नाही, वाचकांच्या गावातही तसा एक असतोच. कॉलेजपासून ते त्यातच होते. कार्यकर्त्याला टोमणा म्हणून लोक 'सतरंज्या उचलणारा' म्हणतात, भाऊजी तर खरोखरच उचलायचे, शिवाय त्या त्यांच्या स्वतःच्याच असायच्या. मतदारयाद्या, बूथ, सभेची परवानगी, सगळं बघायचे. आमच्या भागात त्या पक्षाचा शब्द म्हणजे नानासाहेब. पंचाहत्तरी गाठलेले, पांढरं धोतर, काळी टोपी, आणि कुठल्या विधीला काय लागतं हे पुरोहितापेक्षा नेमकं सांगणारे. गावातल्या प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक तेरवीला हजर. एका वर्षी नगरपरिषदेच्या निवडणुकीत आमच्या प्रभागातून भाऊजींना तिकीट मिळणार अशी हवा झाली. नानासाहेबांनी त्यांना घरी बोलावलं. परत आले तेव्हा मी दारातच होते. "काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, तुह्यासारखा माणूस नाही अरविंदा, पण लोक बोलून राह्यले. एक त लग्न कर, नाही त त्या आचाऱ्याले दुसरीकडे खोली पाहून दे."

"मग?"

"मग काय... चहा चांगला होता त्यायच्याकडचा."

तिकीट दुसऱ्याला गेलं. आणि त्या दुसऱ्याच्या प्रचारसभेचा मंडप भाऊजींनीच बांधला, त्याच्या बल्लीलाही लोंबकळून पाहिलं. मी चिडले होते. मी म्हटलं, "थोडी तरी लाज बाळगा, तुम्हाला नको म्हणणाऱ्यांची छपरं कशाला बांधता?" ते म्हणाले, "वहिनी, पक्ष माह्या घरासारखा हाये. घरच्यायनं एक खोली दिली नाही म्हणून कोणी घर सोडते का?" मला हे पटलं नाही. मृणालला तर मुळीच पटलं नाही.

मृणाल आमची मुलगी. नागपूरला कायदा शिकते, आणि काकांवर तिचा जीव. अशा नात्याला गुन्हा ठरवणारं जुनं कलम कोर्टाने मोडीत काढलं तेव्हा ती पेढे घेऊन आली होती. पुढे काही वर्षांनी अशा जोडप्यांच्या लग्नाच्या हक्काला कोर्टाने नाही म्हटलं तेव्हाही ती सुट्टीत घरी होती. तडक दुकानात गेली. मी मागोमाग, कारण तिचा पारा मला माहीत. भाऊजी खुर्च्या मोजून गठ्ठे लावत होते आणि वसंता कढई घासत होता.

"काका, तुमचे लोक टीव्हीवर टाळ्या वाजवताहेत," ती म्हणाली. "आणि तुम्ही त्यांच्यासाठी खुर्च्या मोजताय!"

"त्यायले उभं ठेवू का मग?"

"थट्टा नको. तुम्ही चुकीच्या बाजूला आहात."

भाऊजींनी हातातली खुर्ची उलटी केली आणि तिच्यावर बसले. "बस. आता मले सांग, मले काय पाह्यजे? एक घर पाह्यजे. घरात देव पाह्यजे. सण पाह्यजे. जन्मभर एकच माणूस पाह्यजे, त्याचं दुखलं-खुपलं मी पाहाचं, माहं त्यानं. याच्याहून जुन्या वळणाचं काय असते, बाई? माह्याएवढा परंपरावाला अख्ख्या तालुक्यात भेटणार नाही तुले. ते मले वळखत नाही, हा त्यायचा घोळ हाये."

"आणि ओळखणारच नसतील तर? आमच्याकडे या ना, हक्कासाठी लढणाऱ्यांकडे. तिथे कुणाला समजावत बसावं लागत नाही."

"आलतो ना तुमच्याकडे." आणि मग त्यांनी आम्हाला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. एका वर्षी नागपूरला अशा जोडप्यांच्या हक्काच्या मोर्च्याला ते गेले होते, एकटेच, वसंताला गर्दी सोसत नाही म्हणून. रंगीत झेंडे, ढोल, तरुण पोरंपोरी. फार बरं वाटलं म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा रस्त्याच्या मधून चाललो. मग चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, काय करता, आणि ते साधेपणाने सांगून बसले की मंडपाचा धंदा आहे आणि अमुक पक्षाचं काम करतो. "झालं. बाजूचे चार जण असे सरकले जसा मले गोवर निघाला. एक पोरगा म्हणे, तुमच्यासारख्यायमुळेच आमच्यावर ही पाळी आली. संत्री घेतली बसस्टँडवर अन् आलो वापस." ते वसंताकडे बघून म्हणाले, "मोर्च्यात मी पक्षवाला, पक्षात मी मोर्चेवाला. एका ह्याच्याचपाशी मी नुसता अरविंदा."

वसंताने कढईतून मान वर न करता म्हटलं, "संत्री आंबट होती."

मृणालही हसली. पण तिने हार मानली नाही. "मग निदान तुमच्या पक्षात बोला तरी."

आणि ते बोलले. तालुक्याच्या बैठकीत, 'कुटुंबव्यवस्था वाचवा' या विषयावर ठराव होता. ते आमच्या ह्यांनी सांगितलं म्हणून मला कळलं, हे त्या दिवशी तिथे होते. नानासाहेबांचं बोलून झालं तेव्हा भाऊजी उठले आणि म्हणाले, "नानासाहेब, कुटुंब वाचवाचं म्हणता ते बरोबर हाये. मग ज्याले कुटुंब पाह्यजे, जो मागून राह्यला, त्याले कायले अडवता? तो त तुमचंच काम करून राह्यला." मग चहा आला. चहा झाल्यावर कुणीतरी पाणीटंचाईचा विषय काढला. ठराव जसाच्या तसा मंजूर झाला, आणि भाऊजींनी खुर्च्या गोळा करून टेम्पोत भरल्या. मी त्यांना विचारलं, काय मिळालं? ते म्हणाले, "कोणी उठून नाही गेलं ना... पहिल्या दिवशी एवढं लय झालं."

मला राजकारणात रस नाही. मत देते आणि मोकळी होते. पण एका दिवशी हा सगळा प्रश्न माझ्यासमोर एका कागदाच्या रूपाने आला, आणि कागद मला कळतात. भाऊजींना अचानक यवतमाळला न्यावं लागलं होतं, तातडीने छोटं ऑपरेशन करायचं होतं आणि नातेवाइकाची सही हवी होती. वसंता तिथे होता. रक्तगट, औषधं, कुठल्या गोळीने अंगावर पुरळ येतो, त्याला सगळं माहीत. काउंटरवरच्या बाईंनी चांगल्या शब्दांत विचारलं, "आपण पेशंटचे कोण?" आणि त्याने मला फोन लावला. 'भागीदार' म्हणून चालत नव्हतं, 'मित्र' म्हणूनही नाही. मी पुसदहून गाडी करून गेले, दिग्रसच्या रस्त्यावर सगळी वाट जीव मुठीत, आणि सही केली. ज्या बाईने फार तर महिन्यातून एकदा भाऊजींना जेवू घातलं तिची सही चालली, आणि रोज त्यांचे पाय चेपणारा माणूस बाकावर बसून राहिला. शुद्धीवर आल्यावर भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, मले वरात नको, घोडी नको. फक्त त्याची सही चालली पाह्यजे." मी घरी आल्यावर पहिलं काम केलं ते वकिलाकडे जाण्याचं. मृत्युपत्र, बँकेतलं नामांकन, दुकानाची भागीदारी, जे जे आजच्या कायद्यात बसतं ते सगळं करून घेतलं. त्यामुळे आज दुकान आणि वरच्या दोन खोल्या वसंताच्या आहेत, कुणी बोट दाखवू शकत नाही. पण सहीचं काम कुठल्याच वकिलाकडे झालं नाही.

शेवटच्या महिन्यांत नानासाहेब एकदा दवाखान्यात भेटायला आले होते. मी तिथेच होते. वसंता चमच्याने भाऊजींना पेज भरवत होता, आणि भाऊजी तोंड फिरवत होते, आणि वसंता त्यांना लहान मुलाला दरडावावं तसा दरडावत होता. नानासाहेब दारातच थांबले. वसंता घाईने उठायला लागला तर म्हणाले, "बस, बस. चालू दे तुहं." खुर्चीत बसून सगळी पेज संपेपर्यंत बघत राहिले. भाऊजींची तब्येत पार उतरली होती, झब्बा खांद्यावरून घसरत होता. ते नानासाहेबांना म्हणाले, "आता माह्या लोंबकळण्याले अर्थ नाही राह्यला. कोणताही मंडप टिकते." नानासाहेब म्हणाले, "बरा हो आधी. माह्या सभेचा मंडप दुसऱ्याले नाही देणार मी." बाकी काही बोलले नाहीत. मीही त्यातून काही अर्थ काढला नाही.

अंत्ययात्रा सुरळीत झाली. मडकं ह्यांनी धरलं. वसंताने खांदा दिला, पण खांदा तर अर्धी गल्ली देते. पुढचे दिवस तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देत, चपला सरळ लावत फिरत राहिला. मंडपात बसलाच नाही. तेरवीच्या तयारीला मी बसले तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "वहिनी, स्वयंपाक मी करतो. त्यायले माह्याच हातचं आवडे." मला वाटलं, यासारखी दुसरी सोय नाही. त्याला काम मिळेल, तो भट्टीपाशी राहील, म्हणजे तो कुठे बसणार हा प्रश्नच उरणार नाही. पक्षाची मंडळी येणार होती, ह्यांचे लांबचे चुलतभाऊ येणार होते. कुणी काही वेडंवाकडं बोललं तर ते वसंताच्या कानावर पडू नये, एवढीच माझी धडपड होती. मी कागदावर 'आचारी' पुढे वसंताचं नाव लिहिलं.

तेरवीच्या दिवशी मंडप पांढऱ्या कापडाचा होता, झालर नाही. भाऊजींचा नियमच होता की दुःखाच्या मंडपाला रंग लावायचा नाही. माझ्या माहेरची माणसं वाशिमहून ह्यांच्यासाठी दुखवट्याचा आहेर घेऊन आली होती. आमच्याकडे ज्याचं माणूस गेलं त्याला त्याच्या बाजूचे पाहुणे टोपी-दुपट्टा घालतात, पाण्याचा तांब्या पुढे करतात आणि म्हणतात, आता उठा, कामाला लागा. वसंताची थोरली बहीण सुमनबाईही नवऱ्याला घेऊन ढाणकीहून आली होती. बायकांच्या शेवटच्या रांगेत, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती. मी दोनदा म्हटलं, पिशवी घरात ठेवते, तर तिने मान हलवून नको म्हटलं.

नानासाहेब आले. ह्यांच्यापुढे बसले, हात जोडले. मग इकडेतिकडे बघू लागले. "वसंता कुठी हाये?" त्यांनी विचारलं. कुणीतरी म्हणालं, मागं भट्टीपाशी. नानासाहेब उठले आणि काठी टेकत मागे निघाले. ते काय बोलणार हे मी मनातल्या मनात ऐकलंही होतं. आता तरी याला इथून... मी पदर खोचून जवळजवळ धावतच त्यांच्या मागे गेले. मृणाल माझ्या मागे.

वसंता घामाघूम होऊन भाजी ढवळत होता. नानासाहेब काही वेळ त्याच्याकडे बघत राहिले, आणि मग ओरडले. पण त्याच्यावर नाही. माझ्यावर.

"सूनबाई! हे काय चालवलं तुमी? याले भट्टीवर कोणं बसोलं?"

"तो स्वतःच म्हणाला, नानासाहेब..."

"तो म्हणन! तो कायबी म्हणन, त्याचं डोकं ठिकाणावर असन का आज? पण तुमाले रीत माहीत नाही? ज्याच्या घरचं माणूस गेलं त्यानं तेरवीच्या कढईले हात लावाचा नसते! एवढी शिकलेली बाई तुमी, अख्ख्या गावाच्या तेरव्या लावता, अन् ज्याच्या घरी दुःख झालं त्याच्याच हाती झारा देता? पाप लागते ना बाप्पा!" मग ते वसंताकडे वळले. "ठेव तो झारा. ठेव म्हणतो ना बे! हात धू, अन् चाल पुढं."

वसंताच्या हातातून झारा सुटेचना. शेवटी मृणालने तो काढून घेतला आणि स्वतः ढवळू लागली. तिला भाजी येत नाही, पण त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही. नानासाहेबांनी वसंताचा दंड धरला आणि त्याला मंडपात आणलं, ह्यांच्या शेजारी. ह्यांनी सरकून जागा केली. मी वाट बघत होते की आता कुणीतरी उठेल... कुणी उठलं नाही. नानासाहेबांनी सगळीकडे नजर फिरवली, जणू सभेत ठराव मांडताहेत, आणि विचारलं, "याच्या घरून कोणी आलं का टोपी घेऊन?"

शेवटच्या रांगेतून सुमनबाई उठली. तिने पिशवी उघडली. पांढरी टोपी, दुपट्टा, एक धोतरजोडी, सगळं नवं, घडीचं. सकाळपासून मांडीवर घेऊन बसली होती, कुणी विचारलं तर काढीन म्हणून. "आणलं ना, बापा," ती म्हणाली. "आमचं पोरगं उघड्या डोक्याचं कसं ठेवू?" तिच्या नवऱ्याने वसंताला टोपी घातली, दुपट्टा खांद्यावर टाकला, पाण्याचा तांब्या पुढे केला. आणि बारा दिवस चपला लावत फिरलेला तो माणूस तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने रडला. एकेक जण येऊन आधी ह्यांच्यापुढे आणि मग त्याच्यापुढे बसू लागला. मी खांबाला टेकून उभी राहिले. इतकं हलकं मला मृणालच्या बारावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

जाताना मी नानासाहेबांचे आभार मानले तर ते चिडले. "आभार कायचे? मी काही ते सगळं मान्य केलं असं समजू नका. मी रीत सांगतली." मृणालने हे ऐकलं आणि रात्रीच्या जेवणावर म्हणाली, "आई, हा हक्क नाही. ही त्यांच्या मनात आलं म्हणून मिळालेली जागा आहे. उद्या दुसरा नानासाहेब असेल, तो नाही विचारणार टोपी." तिचं बरोबर आहे. काउंटरवरच्या बाईंना टोपी दाखवून सही करता येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण मला भाऊजींचंही बोलणं आठवलं, ज्याले कुटुंब पाह्यजे त्याले कायले अडवता. त्या बैठकीत चहा आला होता आणि विषय बदलला होता, पण एका म्हाताऱ्याच्या डोक्यात तो प्रश्न कुठेतरी बसून राहिला असावा. उत्तर त्यांनी त्यांच्या भाषेत दिलं, ओरडून.

मागच्या आठवड्यात पक्षाची सभा होती. नानासाहेबांनी शब्द पाळला, मंडप वसंतालाच सांगितला. भाषणं तीच होती, कुटुंब, संस्कृती, बाहेरून येणारी फॅडं. त्यांत काही बदल झाल्याचं मला दिसलं नाही. पण मी सांगणार आहे ते सभेच्या आधीचं, दुपारचं. शाळा सुटल्यावर मी ह्यांच्याबरोबर तिकडून येत होते. बल्ल्या उभ्या होत्या, दोऱ्या आवळून झाल्या होत्या, नानासाहेब सावलीत खुर्ची टाकून बसले होते. वसंताने दुखवट्याची टोपी काढून खिशात घातली, चपला काढल्या आणि आडव्या बल्लीला लोंबकळला. गडी हसले. तो क्षणभर तसाच राहिला, मग वरूनच आमच्याकडे बघून म्हणाला, "दादा, मी हलका पडतो. या ना जरा."

आमचे हे गंभीर माणूस. कधी हात सोडून सायकल चालवली नसेल. पण अंगाने अगदी भावासारखे, तोच भरलेला देह. त्यांनी माझ्याकडे पिशवी दिली, चपला काढल्या, शर्टाच्या बाह्या सारल्या, आणि वसंताच्या शेजारी त्या बल्लीला धरून अंग सोडून दिलं. शर्ट वर सरकला, पोट उघडं पडलं, पाय हवेत. मी हसत होते आणि मला नीट दिसतही नव्हतं.

सावलीतून नानासाहेबांचा आवाज आला, "काहो, टिकला का?"

"टिकला, नानासाहेब," वसंता म्हणाला. आणि तरी दोघेही लगेच खाली उतरले नाहीत.